विरार लोकल आणि दिल्लीचे खातेवाटप

९ जून २०२४ च्या संध्याकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात पंतप्रधानांसह ७२ जणांनी शपथ घेतली. त्यात महाराष्ट्राचे सहा जण होते : नितीन गडकरी, पीयूष गोयल, प्रतापराव जाधव, रामदास आठवले, रक्षा खडसे आणि मुरलीधर मोहोळ. दुसऱ्या दिवशी वसई-विरारमध्ये पेपर उघडणाऱ्याने सवयीने एकच गोष्ट शोधली असणार, ती म्हणजे यात आपल्याकडचा कोणी आहे का. नव्हता. पालघरचे खासदार हेमंत सवरा पहिल्यांदाच निवडून आलेले, त्यामुळे त्यांची वर्णी लागेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ मध्ये पालघरची पहिली लोकसभा निवडणूक झाली. तेव्हापासून बळीराम जाधव, चिंतामण वनगा, राजेंद्र गावित आणि सवरा असे चार खासदार इथून दिल्लीला गेले, पण केंद्रात मंत्री कोणीच झाले नाही.

तरीही दिल्लीतल्या फेरबदलाशी वसई-विरारचा संबंध इतर शहरांपेक्षा जरा जास्तच आहे. इथला माणूस सकाळी ज्या लोकलला लटकतो ती केंद्राची, ज्या महामार्गावर अडकतो तो केंद्राचा, विरारला होणारे बुलेट ट्रेनचे स्टेशन केंद्राचे आणि डहाणूजवळचे वाढवण बंदरही केंद्राचे. म्हणून शपथविधीची यादी वाचताना ‘आपला कोण’ एवढेच पाहून भागत नाही. आपले काम ज्या खात्यात अडले आहे ते खाते कोणाकडे गेले, त्याच्याकडे किती दिवस राहणार आणि तो जाताना मागे काय ठेवून जाणार, हे पाहिले तर यादी बरेच काही सांगते.

घटना काय सांगते, काय सांगत नाही

मंत्रिमंडळाबद्दल राज्यघटनेत फार मोठा मजकूर नाही. कलम ७५ प्रमाणे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून होते. मंत्रिपरिषद सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असते. संसदेचा सदस्य नसलेल्यालाही मंत्री करता येते, पण सहा महिन्यांत त्याला कोणत्या तरी सभागृहाचे सदस्य व्हावे लागते. खाती किती असावीत, कोणती असावीत, कोणत्या राज्याला किती मंत्री मिळावेत, याबद्दल घटना गप्प आहे. हे सगळे पंतप्रधानांच्या मर्जीवर सोडलेले आहे आणि राजकारण तिथूनच सुरू होते.

संख्येला मात्र २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने लगाम घातला. त्याआधी आघाडीचे सरकार टिकवायचे म्हणजे दिसेल त्याला मंत्री करायचे, अशी रीत पडली होती. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंह यांच्या मंत्रिमंडळाची संख्या ९३ वर गेली होती. दुरुस्तीनंतर पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. लोकसभेच्या ५४३ जागांचा हिशेब केला तर केंद्रात ८१, विधानसभेच्या २८८ जागांवरून महाराष्ट्रात ४३. शपथविधी झाल्यावरही एखाद-दोन जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या जातात, कारण रिकामी खुर्ची दाखवून जेवढे आमदार-खासदार आशेवर ठेवता येतात तेवढे भरलेल्या खुर्चीने ठेवता येत नाहीत.

या ८१ जणांतही तीन पायऱ्या असतात. कॅबिनेट मंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसतो आणि देशाच्या सगळ्या मोठ्या निर्णयांत त्याचा आवाज असतो. स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री आपल्या खात्याचा मालक असतो, पण बैठकीला त्याचा विषय असेल तेव्हाच त्याला बोलावणे येते. साधा राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली असतो. वरिष्ठाने जेवढे काम त्याच्याकडे सोपवले तेवढेच त्याचे. काही राज्यमंत्री या चौकटीतही खूप काम करून जातात, तर काहींची पाच वर्षे संसदेतल्या प्रश्नांना उत्तरे देण्यात आणि उद्घाटनांच्या फिती कापण्यात जातात.

ही पायरी किती नाजूक असते ते २०२४ मध्ये दिसले. अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले गेले. प्रफुल्ल पटेल पूर्वी केंद्रात कॅबिनेट मंत्री होते. आता खालची पायरी घेणे ही पदावनती ठरेल, असे सांगून त्यांनी ते नाकारले. लोकसभेच्या सात जागा जिंकलेल्या एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेलाही एक स्वतंत्र कार्यभारच मिळाला, तर दोन खासदारांच्या जनता दल (धर्मनिरपेक्ष) आणि एकाच खासदाराच्या हिंदुस्थानी अवाम मोर्चाला कॅबिनेट मंत्रिपद. जागांच्या प्रमाणात वाटणी होते असे समजणाऱ्याला हे गणित सुटत नाही. पक्ष किती जुना मित्र आहे, त्याचा नेता माजी मुख्यमंत्री आहे का, त्याच्या राज्यात निवडणूक कधी आहे आणि तो रुसला तर काय बिघडेल, हे सगळे तोलून लग्नातल्या मानपानासारखे हे ठरवले जाते.

शपथविधीचा दिवस

बाहेरून भव्य दिसणारा शपथविधी आतून फार साधा असतो. सकाळी संभाव्य मंत्र्यांना फोन जातात, पंतप्रधानांच्या निवासस्थानी चहाला बोलावणे येते. फोन आला नाही म्हणजे पत्ता कट, हे सगळ्यांना कळते. संध्याकाळी नाव पुकारले की तो माणूस पुढे येतो. राष्ट्रपती ‘मैं’ एवढाच शब्द उच्चारतात आणि पुढचे सगळे त्याने स्वतः म्हणायचे. शपथा दोन, पदाची आणि गोपनीयतेची. मग नोंदवहीत सही. या घटकेला तो मंत्री झालेला असतो, पण कशाचा ते ठरलेले नसते. खात्यांची यादी पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती भवनातून नंतर जाहीर होते, कधी त्याच रात्री, कधी दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्रात तर २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात १५ तारखेला शपथ घेतलेल्या मंत्र्यांना खाती कळायला २१ तारीख उजाडली.

या शेवटच्या काही तासांत काय काय होऊ शकते याचा नमुना ९ नोव्हेंबर २०१४ ला पाहायला मिळाला. मोदी सरकारचा पहिला विस्तार होता आणि शिवसेनेतर्फे अनिल देसाई शपथ घेणार होते. ते मुंबईहून निघाले, दिल्लीच्या विमानतळावर उतरलेही. तोवर राज्यात भाजप आणि शिवसेनेचे जमत नव्हते, वाटाघाटी फिसकटल्या आणि ‘मातोश्री’चा आदेश आला. देसाई विमानतळावरूनच माघारी फिरले. त्याच दिवशी सुरेश प्रभू शिवसेना सोडून भाजपमध्ये गेले, कॅबिनेट मंत्री म्हणून शपथ घेतली आणि रेल्वे खाते त्यांच्याकडे आले. एका दुपारी एका मराठी माणसाचे मंत्रिपद हुकले आणि दुसऱ्याला देशातले सर्वांत मोठे जाळे असलेले खाते मिळाले. गोव्याचे मुख्यमंत्रिपद सोडून आलेले मनोहर पर्रीकरही त्याच दिवशी शपथ घेऊन संरक्षणमंत्री झाले. ते खासदार नव्हते. पुढे उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर निवडून गेले.

पर्रीकरांच्या आधी ५२ वर्षे, असाच एक मुख्यमंत्री मुंबई सोडून संरक्षण खात्यात गेला होता. चीन युद्धातल्या पिछेहाटीनंतर कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना बोलावून घेतले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अजूनही अभिमानाने म्हणतो. तो अभिमान बाजूला ठेवून पाहिले तर तो फेरबदलाचा एक नेमका धडा आहे. खाते अडचणीत असेल आणि दिल्लीतल्या कोणत्याही गटाला ते देता येत नसेल, तर बाहेरचा, राज्य चालवून दाखवलेला माणूस आणला जातो. चव्हाणही तेव्हा खासदार नव्हते. १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले.

खात्याचे वजन

खाते मिळाले म्हणजे सत्ता मिळाली असे नसते, हे सर्वांत स्पष्टपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगून ठेवले आहे. १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात ते कायदामंत्री होते. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडणे हे त्याचे मोठे कारण सर्वांना माहीत आहे. पण राजीनाम्यानंतरच्या निवेदनात त्यांनी आणखीही कारणे मांडली. कायदा खात्याला प्रशासनात वजन नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. त्यांचा अभ्यास अर्थशास्त्राचा, नियोजन खाते मिळेल असे आश्वासन होते, ते मिळाले नाही. शिवाय परराष्ट्र किंवा संरक्षण यांसारख्या मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर त्यांना कधी घेतले गेले नाही.

हा शेवटचा मुद्दा आजही तितकाच लागू आहे. मंत्रिमंडळाच्या आत आणखी लहान वर्तुळे असतात : सुरक्षाविषयक समिती, आर्थिक बाबींची समिती, राजकीय बाबींची समिती, नियुक्त्यांची समिती. मोठे प्रकल्प, मोठ्या नेमणुका, मोठी खरेदी इथे ठरते. म्हणून दिल्लीतले जाणते लोक खातेवाटपानंतर थांबतात आणि या समित्यांवर कोण गेले ते पाहतात. नाव मोठ्या खात्याचे आणि समितीत जागा नाही, असा मंत्री म्हणजे गाडीवर झेंडा असलेला खासदार.

डच्चू का मिळतो

फेरबदल म्हणजे मंत्र्यांचे प्रगतिपुस्तक, असा एक भाबडा समज आहे. जुलै २०१२ मध्ये त्याला चांगलाच धक्का बसला. ३० आणि ३१ जुलैला उत्तर भारताची वीजवाहिनी लागोपाठ दोनदा कोसळली, कोट्यवधी लोक अंधारात गेले. त्या वेळी ऊर्जामंत्री होते सुशीलकुमार शिंदे. ३१ जुलैलाच त्यांना बढती मिळाली आणि ते गृहमंत्री झाले. प्रणव मुखर्जी राष्ट्रपती झाल्याने रिकामी झालेली अर्थ खात्याची जागा चिदंबरम यांनी घेतली आणि त्यांच्या गृह खात्यात शिंदे आले. विजेचा त्या हालचालीशी काहीही संबंध नव्हता.

कामगिरीवरून जावे लागते ते बहुधा एखादी मोठी घटना घडल्यावर. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ ला शिवराज पाटील यांनी गृह खाते सोडले. पाठोपाठ मुंबईत आर. आर. पाटील आणि विलासराव देशमुख यांनाही पायउतार व्हावे लागले. विलासराव पुढच्याच वर्षी केंद्रात अवजड उद्योगमंत्री झाले, जानेवारी २०११ मध्ये ग्रामविकास खात्यात आणि जुलैमध्ये तिथून विज्ञान-तंत्रज्ञान खात्यात गेले. मंत्रिपद कायम, पण जिल्ह्याजिल्ह्यांत पैसा पोहोचवणारे खाते सहा महिन्यांत हातून गेले. फेरबदलात माणसाला न काढताही खाली आणता येते, ते असे.

कधी कधी मंत्र्याला काढण्यासाठी खाते काढून घेणे पुरते. १६ जुलै १९६९ ला इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थ खाते काढून घेतले, मोरारजींनी राजीनामा दिला आणि १९ तारखेला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढच्या वर्षी यशवंतरावांकडचे गृह खाते स्वतःकडे घेऊन त्यांना अर्थ खाते दिले गेले. कागदोपत्री बदली बरोबरीची, पण पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा पंतप्रधानांच्या हाती आल्या.

आणि कधी मंत्रीच सरकारला सोडून जातो. चिंतामणराव देशमुख कुलाब्यातून निवडून आलेले, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा घाट घातला गेला आणि गोळीबारात माणसे मेली. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत पंतप्रधानांच्या कार्यपद्धतीवर रोखठोक टीका केली. संयुक्त महाराष्ट्र व्हायला आणखी चार वर्षे लागली, पण मंत्रिपद हे मत मांडण्याच्या आड येत असेल तर ते सोडायचे असते, याचा दाखला म्हणून त्या राजीनाम्याकडे आजही बोट दाखवले जाते.

फलाटावरून दिसणारे मंत्रिमंडळ

आता विरारकडे येऊ. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. या पट्ट्यातल्या लाखो माणसांचे महिन्याचे गणित रेल्वेच्या पासवर उभे असते, आणि त्या पासची किंमत दिल्लीच्या आघाडीच्या राजकारणात कशी हेलकावे खाते ते दोनदा दिसले.

१४ मार्च २०१२ ला तृणमूल काँग्रेसचे दिनेश त्रिवेदी यांनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ जाहीर केली. त्यांच्याच नेत्या ममता बॅनर्जी भडकल्या. अर्थसंकल्प मांडणाऱ्या मंत्र्याला चार दिवसांत राजीनामा द्यावा लागला, त्यांच्या जागी मुकुल रॉय आले आणि दुसऱ्या वर्गाची, लोकलची भाडेवाढ मागे घेतली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांना मंत्री निवडण्याचा अधिकार घटनेने दिला होता, पण रेल्वे खात्यापुरता तो कोलकात्यात वापरला जात होता.

दुसरी वेळ जून २०१४ ची. नव्या सरकारचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी भाडेवाढीबरोबर मासिक पासचा हिशेबच बदलला. पूर्वी महिन्याचा पास १५ फेऱ्यांच्या हिशेबाने मिळे, आता तो ३० फेऱ्यांच्या जवळ जाणार होता. म्हणजे विरारच्या माणसाचा पास जवळपास दुप्पट. काही महिन्यांवर विधानसभा निवडणूक आलेली. मुंबई परिसरातले भाजप-शिवसेनेचे खासदार गौडांना जाऊन भेटले आणि अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी पासचा जुना हिशेब परत आला, दुसऱ्या वर्गाला ८० किलोमीटरपर्यंत वाढीतून वगळले गेले. विरार त्या ८० मध्ये बसते. त्या वेळी रेल्वे खात्यात मुंबईचा मंत्री नव्हता. काम झाले ते निवडणुकीच्या भीतीने आणि खासदारांच्या एकजुटीने.

२००९ ते २०१४ या एका लोकसभेच्या काळात रेल्वे खाते ममता बॅनर्जी, दिनेश त्रिवेदी, मुकुल रॉय, सी. पी. जोशी, पवनकुमार बन्सल, पुन्हा जोशी आणि मल्लिकार्जुन खर्गे असे फिरले. मंत्र्याला खाते समजायला सहा महिने लागतात असे धरले, तर यातले काही जण समजण्याआधीच गेले. विरारच्या पुढे डहाणूपर्यंतची लोकल याच धावपळीत, एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. बन्सल तेव्हा मंत्री होते आणि महिन्याभरात तेही गेले.

राम नाईक आणि एक कंपनी

रेल्वे खात्यात वसई-विरारचा स्वतःचा माणूस एकदा होता. २००९ पूर्वी हा भाग उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात मोडत असे आणि १९८९ पासून तिथले खासदार होते राम नाईक. मार्च १९९८ मध्ये वाजपेयी सरकारात ते रेल्वे राज्यमंत्री झाले, कॅबिनेट मंत्री नितीशकुमार. ऑगस्ट १९९९ मध्ये गैसलच्या अपघातानंतर नितीशकुमारांनी राजीनामा दिला आणि पुढचे दोन महिने नाईकांनी स्वतंत्रपणे खाते सांभाळले.

वरून पाहिले तर हा काळ फार लहान, दीड वर्ष. त्यातही एप्रिल १९९९ मध्ये सरकार एका मताने पडले आणि उरलेले महिने काळजीवाहू. पण १२ जुलै १९९९ ला मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. ५१ टक्के वाटा रेल्वेचा, ४९ टक्के महाराष्ट्र सरकारचा. मुंबईची लोकल ही फक्त रेल्वेची डोकेदुखी नाही, राज्यानेही त्यात पैसा घालायचा आणि निर्णयात बसायचे, असा त्यामागचा विचार. या कंपनीने पुढे जागतिक बँकेचे कर्ज घेऊन मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प राबवला. बोरिवली-विरार चौपदरीकरण त्याच्याच पहिल्या टप्प्यात, २००७ च्या सुमारास पुरे झाले. तिसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात विरार-डहाणू चौपदरीकरण आहे.

या काळात काय काय बदलले ते पाहा. ऑक्टोबर १९९९ मध्ये नाईक पेट्रोलियम खात्याचे कॅबिनेट मंत्री झाले. त्यांची बढती झाली, पण त्याच दिवशी विरारची फाइल ममता बॅनर्जींच्या खात्यात गेली. २००४ मध्ये नाईक गोविंदाकडून हरले. २००९ मध्ये वसई-विरार त्या मतदारसंघातूनच बाहेर पडले. दिल्लीत आणि मुंबईत सरकारे उलटसुलट झाली. चौपदरीकरणाची मागणी एका मंत्र्याच्या टेबलावर राहिली असती तर ती मंत्र्याबरोबर गेली असती. ती दोन्ही सरकारांच्या भागीदारीतल्या कंपनीच्या कामकाजात शिरली, म्हणून वाचली.

कोकण रेल्वेचीही कथा याच धर्तीची. वि. प्र. सिंग यांचे सरकार अकरा महिने टिकले. पण त्या अकरा महिन्यांत कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री होते आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. मागणारा आणि पैसे देणारा एकाच विचाराचे, असा योग खातेवाटपात क्वचित येतो. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभे राहिले, रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार. नोव्हेंबरमध्ये सरकार गेले, २६ जानेवारी १९९८ ला रेल्वे पूर्ण धावली.

राज्याच्या मंत्रिमंडळात पालघर

मुंबईतल्या मंत्रिमंडळातही वसई-विरारचा वाटा तुटपुंजाच आहे. वसईचे भाऊसाहेब वर्तक पूर्वी राज्यात मंत्री होते, पालघरचे राजेंद्र गावित राज्यमंत्री होते. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाल्यावर पालकमंत्रिपद विक्रमगडच्या विष्णू सवरांकडे आले, ते आदिवासी विकासमंत्री होते. जून २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी निवडणुकीच्या तोंडावर सहा मंत्र्यांना घरी बसवले, त्यात सवरा होते. त्यानंतरचे सगळे पालकमंत्री बाहेरचे : डोंबिवलीचे रवींद्र चव्हाण, मालेगावचे दादाजी भुसे, पुन्हा चव्हाण आणि जानेवारी २०२५ पासून नवी मुंबईचे गणेश नाईक. पालकमंत्रिपद घटनेत नाही, पण जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष तोच असतो. जिल्ह्याचा पैसा कोणत्या तालुक्यात आधी जाणार, हे त्या बैठकीत ठरते.

वसई-विरारने दुसरी वाटही चालून पाहिली : मंत्रिपद न मागता पाठिंबा देण्याची. हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचे तीन आमदार २०१९ मध्ये उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने होते आणि २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारच्याही. लहान प्रादेशिक पक्षाला एक राज्यमंत्रिपद घेऊन मोठ्या पक्षात विरघळण्यापेक्षा, नगरविकास खात्याशी आणि मुख्यमंत्र्यांशी थेट संबंध ठेवणे सोयीचे वाटते. महापालिकेच्या बहुतेक गाठी त्याच खात्यात सुटतात. पण हे गणित संख्या अडलेली असेल तोवरच चालते. २०२४ मध्ये महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले आणि बहुजन विकास आघाडीचा एकही आमदार उरला नाही. जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या, तरी डिसेंबरच्या शपथविधीत पाचांपैकी एकाचीही वर्णी लागली नाही.

पुढची यादी येईल तेव्हा

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२० मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. जुलै २०२१ च्या मोठ्या फेरबदलात बंदर खाते सर्बानंद सोनोवाल यांच्याकडे आले. जून २०२४ मध्ये नवे सरकार आले तेव्हा हे खाते बदलले नाही, आणि शपथविधीनंतर दहाव्या दिवशी, १९ जूनला ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला अंतिम मंजुरी मिळाली. बंदर हवे म्हणणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्या कोळी बांधवांनीही यातून एकच धडा घ्यायला हवा. इतक्या मोठ्या निर्णयाची तयारी सचिव, महामंडळे आणि मंत्रिमंडळाच्या टिपणांमध्ये आधीच पुरी होत आलेली असते. मंत्री कायम राहिला की ती लगेच पुढे सरकते. तिला वळण द्यायचे तर शपथविधीनंतर निवेदन घेऊन धावून उपयोग नसतो, टिपण लिहिले जात असतानाच तिथे पोहोचावे लागते.

म्हणून पुढच्या विस्ताराच्या दिवशी टीव्हीवर नावे सरकत असताना ‘आपला कोण’ हे जरूर पाहावे, तेवढा जिव्हाळा माणसाला असतोच. मग रेल्वे, बंदरे, नगरविकास आणि अर्थ ही चार खाती कोणाकडे गेली ते पाहावे. मंत्री नवा आहे की तोच राहिला, हे पाहावे. विरार-डहाणू चौपदरीकरणासारख्या चालू कामाला त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात किती रक्कम पडली ते पाहावे. आणि आपल्या खासदार-आमदाराला भेटायची वेळ आली, तर ‘तुम्ही मंत्री कधी होणार’ याऐवजी ‘हे काम कोणत्या खात्यात, कोणत्या टप्प्यावर आहे’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला मंत्री असावे लागत नाही.